पलीकडचा दांडा

मी काय काम करते असं कुणी विचारलं की नवरा माझ्याआधी उत्तर देतो. "दगड फोडते. लोकांना त्याची शिक्षा होते, हिला पगार मिळतो." लग्न झाल्यापासून तो हाच विनोद करतोय. पाहुणे हसतात, मी खोटंखोटं रागावते आणि चहा टाकायला उठते.

खरं तर मी काँक्रीट फोडते, तेही मोजूनमापून. आमची प्रयोगशाळा इमारतीच्या तळघरात आहे. खोली लांबोळकी, खिडक्या छताला लागून, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. खोलीच्या मधोमध दोन लांब पोलादी दांडे एका रेषेत आडवे ठेवलेले आहेत. दोन दांड्यांच्या मध्ये काँक्रीटची चकती बसवायची, बरणीच्या झाकणाएवढी. अलीकडच्या टोकाला हवेच्या दाबाने चालणारी तोफ. तिच्यातून एक आखूड दांडा सुटतो आणि अलीकडच्या दांड्यावर आदळतो. ठोका दांड्यातून धावत चकतीत शिरतो, चकती फुटते, आणि उरलासुरला ठोका पलीकडच्या दांड्यात जातो. त्याच्या शेवटाला जुन्या चिंध्यांनी भरलेली पेटी आहे, ती उरलेला जोर गिळते. दोन्ही दांड्यांवर ठोका मोजणारी नखाएवढी गेजं चिकटवलेली असतात आणि स्क्रीनवर त्यांच्या दोन रेषा उमटतात. अलीकडची रेषा आधी उसळते, पलीकडची नंतर. पापणी लवायच्या आत सगळा खेळ आटोपतो, पण आधी ते आधी आणि नंतर ते नंतर. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे.

काँक्रीटला सावकाश दाबलं तर ते वेगळं फुटतं आणि अचानक मारलं तर वेगळं. सावकाश दाबलं की भेग आतल्या खडीला वळसा घालत, मऊ जागा शोधत जाते. अचानक मारलं की तिला तेवढी सवड नसते. समोर येईल तो खडा चिरत ती सरळ निघते. म्हणून फुटलेला तुकडा हातात घेतला की तो घाईत फुटला की सवडीने, हे मला डोळ्यांनी कळतं. त्यात पोलादाचे बारीक तंतू घातले असतील तर आणखी गंमत. असं काँक्रीट फुटतं पण सांडत नाही. तंतू भेगेच्या दोन्ही कडा घट्ट धरून ठेवतात, आणि चकती बाहेरून शहाण्यासारखी अख्खी दिसते.

हे सगळं मी नवऱ्याला पहिल्यांदा समजावलं ते स्वयंपाकघरात. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. त्याला ओट्यासमोर उभं केलं, डावा तळहात त्याच्या पाठीवर ठेवला, उजव्या हाताचं बोट छातीसमोर धरलं. "तू चकती. हे बोट म्हणजे अलीकडचा दांडा, पाठीवरचा हात पलीकडचा. आता बघ." आणि छातीवर टकटक केलं. हाडांमधून आलेला ठोका तळहाताला बारीकसा लागला. तो गंभीरपणे म्हणाला, "फुटलो," आणि फरशीवर कोसळला. मी हसून हसून बेजार झाले. तेव्हापासून आमच्यात भांडण झालं की तो समोर येऊन उभा राहायचा. "मार ठोका, ठोकळेबाई." मी मारायचे, तो कोसळायचा, भांडण मिटायचं.

तो शहराबाहेरच्या रसायनांच्या कारखान्यात कंट्रोल रूमचा शिफ्ट प्रमुख. दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात स्फोट होऊन कंट्रोल रूममधली माणसं गेली, तेव्हापासून यांच्या साहेबांनी हाय खाल्ली होती. तंतू घातलेल्या काँक्रीटच्या जाड भिंतींची नवी कंट्रोल रूम बांधायचं ठरलं. ज्या यार्डात या भिंती ओतायच्या होत्या तिथले नमुने आमच्याकडे आले, आम्ही फोडले, झकास निघाले. पण साहेबांचं समाधान होईना. एक अख्खं पॅनेल आमच्या गरमीत, आमच्या मशिनींच्या थरथरीत उभं राहू दे, मग त्यातला तुकडा कापून तपासा, असं त्यांचं म्हणणं. जुन्या कंट्रोल रूममध्ये जागा होती ती एकच, शिफ्ट प्रमुखाच्या खुर्चीमागे. अख्खा हिवाळा ते पॅनेल माझ्या नवऱ्याच्या पाठीशी उभं होतं. तो त्याला खुर्ची टेकवून बसायचा, त्यावर जाकीट अडकवायचा.

"तुझी सवत आहे," तो म्हणायचा. "दिवसभर पाठ सोडत नाही."

हिवाळा सरता सरता त्या पॅनेलच्या मधल्या भागातून कापलेली गोल नळकांडी आमच्याकडे आली. त्यांच्या मी चकत्या पाडून घेतल्या. प्रत्येक चकतीला एका बाजूला लाल ठिपका होता. ठिपक्याची बाजू बाहेरची, स्फोटाचा मार खाणारी. बिनठिपक्याची आतली, माणसांकडची. ठिपका तोफेकडे करून चकती बसवायची, एवढं सोपं काम.

त्या दिवशी आभाळ गच्च होतं आणि खिडकीतून दिसणारे पाय ओले होते. तोफ सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे तोफखाना म्हणतात, त्यांनी दाब भरला आणि हात वर केला. धडाम झालं. स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, "ताई, वायरी उलट्या लावल्यात तुम्ही."

पलीकडच्या दांड्याची रेषा आधी उसळली होती. मोठी, ठसठशीत. अलीकडची नंतर, बारीकशी.

वायरी उलट्या लागणं हे आमच्याकडे चहात साखर विसरण्याइतकं साधं आहे. मी वायरी तपासल्या. नीट होत्या. तरी काढून पुन्हा लावल्या. दुसरी चकती बसवली. पुन्हा पलीकडची आधी. मग गेजं बदलली. मग कपाटातली साध्या काँक्रीटची जुनी चकती फोडून पाहिली, तर रेषा शहाण्यासारख्या आपापल्या क्रमाने आल्या. कारखान्याची चकती बसवली की पुन्हा उलट.

तोफखान्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ही उलटी फिरवून बघा बरं."

मी लाल ठिपका चिंध्यांच्या पेटीकडे केला. या वेळी क्रम बरोबर आला. पुन्हा ठिपका तोफेकडे केला, पुन्हा उलट. चकतीला ठोका फक्त बिनठिपक्याच्या बाजूनेच लागत होता. ती बाजू तोफेकडे असली तर तोफेकडून, नसली तर पेटीकडून. आणि पेटीकडून मारायला तिथे कुणीही नव्हतं.

शेवटी कॅमेरा लावला. आमचा कॅमेरा क्षणाच्या बारीक चिंधड्या करून दाखवतो. त्यात पहिली भेग उघडली ती पेटीकडच्या कडेला. त्या वेळी तोफेतला दांडा चित्रात आला होता, पण अजून आदळला नव्हता. त्याच्यात आणि अलीकडच्या दांड्यात स्पष्ट फट दिसत होती, आणि फटीतून मागची भिंत दिसत होती.

तोफखान्यांनी टोपी पुन्हा घातली आणि तोफेचा दाब सोडून दिला.

मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, शिस्तीच्या आणि कामाच्या घाईत असलेल्या बाई. त्यांनी उभ्या उभ्या ऐकून घेतलं.

"ताकद किती भरली?"

"हवी त्याहून जास्तच."

"मग?"

"ठोका उलट्या बाजूने येतोय."

"उलट्या बाजूला काय असतं?"

"चिंध्यांची पेटी."

"मग चिंध्यांनी मारला का ठोका?" त्या हसल्या, आणि माझा चेहरा बघून थांबल्या. "हे बघ, रेषा उलट्या आल्या तर वायरी उलट्या असतात. आजवर असंच होत आलंय. रेषांच्या नावांची अदलाबदल कर आणि आकडे दे."

"कॅमेऱ्याचं काय?"

"कॅमेऱ्याची वेळ जुळली नसेल. तुझा नवरा तिथे बसतो म्हणून तुला जरा जास्तच दिसतंय. अहवालावर तुझी सही नकोच, माझी एकटीची पुरे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिथून निघून आले. त्यांनी स्वतः नावांची अदलाबदल केली, दोन्ही रेषा गुण्यागोविंदाने एकामागे एक उभ्या राहिल्या आणि अहवाल गेला. त्यात खोटा असा एकही आकडा नव्हता.

नंतर मी फुटलेल्या चकत्या टेबलावर मांडल्या आणि तंतू कापून त्यांच्या भेगा उघडल्या. तोफेचा मार खाल्लेल्या काँक्रीटमध्ये खडी चिरलेली असायला हवी होती. इथे एकही खडा चिरलेला नव्हता. भेग प्रत्येक खड्याला वळसा घालून, नीट वाट शोधत गेली होती. हे तुकडे सवडीने फुटले होते. कुणीतरी दिवसेंदिवस त्यांना दाबत बसावं, तसे. मी ते पुन्हा फडक्यात गुंडाळले आणि हात धुतले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

यार्डातले नमुने त्याच मिश्रणाचे होते आणि ते नीट वागले होते. फरक एवढाच, की ते कधी माझ्या नवऱ्याच्या पाठीशी उभे राहिले नव्हते.

आणखी काही तुकडे हवेत असं सांगून मी तोफखान्यांना घेऊन कारखान्यात गेले. कंट्रोल रूम ठेंगणी, बिनखिडक्यांची. पंख्याची घरघर, स्क्रीनचा हिरवट उजेड. "या वहिनी, नवऱ्यावर लक्ष ठेवायला आलात का?" कुणीतरी म्हणालं. नवरा लाजला. मी त्याला उठवून खुर्ची बाजूला ओढली आणि पॅनेलवरचं त्याचं जाकीट काढलं.

पॅनेलवर केसासारख्या भेगा होत्या. आधी कापलेली भोकं सोडली तर बाकी सगळीकडे ते गुळगुळीत होतं, फक्त खुर्चीमागे एका जागेभोवती त्या जमल्या होत्या. बॅटरी तिरपी धरली तेव्हाच दिसल्या. वळणं घेत, कुठेही घाई न करता गेलेल्या. मी नवऱ्याला म्हटलं, "जरा बस." तो बसला. त्या सगळ्या जिथे एकत्र येत होत्या ती जागा त्याच्या पाठीमागे, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये आली.

"काय गं?" त्याने विचारलं.

"काही नाही. पोपडे धरलेत."

आम्ही कोपऱ्यातला एक तुकडा काढला आणि खुर्चीमागचा एक. प्रयोगशाळेत कोपऱ्यातला नीट वागला. खुर्चीमागच्याने पलीकडच्या दांड्याला असा ठोका दिला की पेटीतल्या चिंध्या बाहेर पडल्या.

संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. भांडावं की हसावं हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"म्हणजे ती भिंत माझ्यामुळे बिघडली? मी काय पाठीने लाथा मारतो तिला?"

"मला कारण विचारू नकोस. मला ते माहीत नाही. ठोका तुझ्या बाजूने येतो एवढंच मी पाहिलंय."

"कधीचा ठोका? कुणी मारला?"

"अजून कुणी मारलेला नाही," मी म्हटलं. "तो आधी पोचतोय."

तो ताटात बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिथे बसलं की मला कुणीतरी मागून हाक मारणार आहे असं वाटतं. हाक येत नाही. पण येणार आहे असं वाटतं. मी वळतो, पोरं हसतात."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय करणार होतीस? भिंतीला रागावणार होतीस?"

मी रडले. मला त्याच्याशिवाय घराची कल्पनाच करता येत नव्हती आणि मी ते त्याला तसंच सांगितलं. ती खुर्ची सोड, म्हटलं. शिफ्ट प्रमुखपद त्याने मर मर करून मिळवलं होतं. तो चिडला, दोन दिवस अबोला धरला. एका सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "स्टोअरमध्ये जागा आहे. दिवसपाळी. पाना-पक्कड मोजत बसतो आता. झालं तुझं समाधान?"

झालं होतं. माझं तोंड एवढं उजळलं की त्यालाही हसू आलं.

त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस बसू लागला. काही आठवडे जाऊ दिले आणि मी पुन्हा खुर्चीमागचा तुकडा मागवला. मॅडमना सांगितलंच नाही. तोफखान्यांनी दाब भरला, मी लाल ठिपका तोफेकडे केला. धडाम.

अलीकडची रेषा आधी. पलीकडची नंतर.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. चकती उघडली, तर खडी चिरलेली, ताजी, कडा धारदार. घाईत फुटलेली. मी खुर्चीत बसले आणि टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. तोफखान्यांनी चहा आणला आणि शेजारी ठेवून दिला. "भिंत सुधारली म्हणायची," ते म्हणाले. मीही तेच म्हणाले. त्या पॅनेलमधून जे काही होतं ते गेलं होतं. ते कुठे गेलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. आनंदात माणसाला कुठे असलं सुचतं.

स्टोअरमध्ये कायम करण्याआधी कारखान्याने नवऱ्याला तपासणीला पाठवलं. मीही गेले सोबत. दवाखान्याच्या बोळात बाकावर आम्ही दोघं बसलो, तो आत गेला, आणि बऱ्याच वेळाने हृदयाचा आलेख काढणारी मुलगी कागदाची पट्टी हलवत बाहेर आली.

"सगळं छान आहे," ती म्हणाली. "जरा वेळ लागला, सॉरी हं. पहिल्यांदा आलेख उलटाच आला."

"उलटा म्हणजे?"

"वायरी उलट्या लागल्या असतील, होतं असं कधी कधी. तशा दिसत होत्या नीट. मग मी बदलून घेतल्या, आला सरळ."

तिने पट्टी माझ्या हातात दिली. रेषा सुंदर होत्या. प्रत्येक ठोका आपल्या जागेवर. डॉक्टरांनी त्यावर सही करून टाकली होती.

मी पट्टी घडी करून पर्समध्ये ठेवली. तो खुशीत होता. वाटेत त्याने संत्री घेतली, जिना चढताना शीळ घातली. स्वयंपाकघरात अजून दिवसाचा उजेड होता, मळकट, पण भांड्यांवर पुरेसा. पिशवी ओट्यावर ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"पुन्हा तोंड पाडलंस? आता काय झालं?"

"काही नाही."

"डॉक्टर सांगतायत घोड्यासारखा आहेस, आणि हिचं तोंड बघा." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, छाती पुढे काढून, पूर्वीसारखा. "चल. मार ठोका, ठोकळेबाई."

मला मारायचा नव्हता.

"मार गं. किती दिवसांत मारला नाहीस."

मी डावा तळहात त्याच्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मध्ये. शर्ट जिन्याच्या श्रमाने जरा ओलसर होता. उजव्या हाताचं बोट वर केलं.

तळहाताला ठोका लागला.

मोठा, ठसठशीत. पार मनगटापर्यंत गेला.

"फुटलो," तो म्हणाला, आणि नेहमीसारखा हसत फरशीवर कोसळला.

माझं बोट अजून हवेतच होतं.